गेरूचा बाण

लोणारात त्या काळी कोणी घर बांधायला काढलं की गवंडी आणि सुतार ठरायच्या आधी जानरावांना निरोप जायचा. जानरावांना विटेवर वीट ठेवता येत नव्हती आणि रंधा कोणत्या बाजूने धरायचा तेही त्यांना धड ठाऊक नव्हतं. तरी ते आल्याशिवाय दाराची चौकट उभी राहत नसे. ते यायचे, डोक्यावरचा पटका सारखा करायचे, कोटाच्या खिशातून पितळी डबी काढून जमिनीवर ठेवायचे आणि जमलेल्या सगळ्यांना मागे सरकवायचे.

"लोखंड कोनाजवळ हाय? इळा, अडकित्ता, काय असन ते दूर ठेवा बे."

मग डबीतला काटा डुलून डुलून थांबायचा, जानराव हात लांब करायचे आणि म्हणायचे, "हे उत्तर." झालं त्यांचं काम. त्यानंतर होणाऱ्या चहाचा पहिला कप त्यांचा असे, आणि तो ते असा प्यायचे की जणू उत्तर दिशा त्यांनीच घरून आणली होती.

हा कंपास त्यांना दुसऱ्या मोठ्या लढाईत मिळाला. मोजणीच्या तुकडीबरोबर खलाशी म्हणून ते आसामच्या जंगलात गेले होते. साहेबाची साखळी ओढायची, झेंडी धरून उभं राहायचं, चिखलात रुतलेली खेचरं उपसायची. परत येताना साहेबाने खूश होऊन आपला जुना कंपास त्यांच्या हातावर ठेवला, आणि गावात पाऊल टाकलं त्या दिवसापासून ते जानराव कंपासवाले झाले. त्यांना शेती होती, पण शेतीवरून त्यांना कोणी ओळखत नव्हतं. त्यांची बायको मनकर्णाबाई तर म्हणायची, "ह्यायच्या वावरातलं तन बी उत्तर-दक्षिन उगवते." जानरावांना त्याचाही राग येत नसे. माणसं फिरतात, काटा फिरत नाही, एवढ्या एका गोष्टीवर त्यांचं सगळं चाललं होतं, आणि बरं चाललं होतं.

महाराष्ट्र होऊन तीनेक वर्षं झाली असतील. पावसाळा सरता सरता विमलबाई लोणारला आल्या. मलकापूरच्या एका वकिलांची ही नात, नागपुरात शिकलेली, आता मुंबईत दगडांवर संशोधन करत होती. पंचविशीची बाई एकटी डाकबंगल्यात उतरते, पदर कमरेला खोचून कॅनव्हासचे बूट घालते, हे पाहून गावाने आधी चार दिवस नुसतं बघून घेतलं. त्यातून नवल असं की जे सरोवर बघायला दूरदूरचे लोक येतात, त्याच्याकडे पाठ करून ही बाई गावाबाहेरच्या ओढ्याच्या कड्यात शिरली आणि कड्यातले काळे थर निरखत बसली. तिला कंपास कळणारा माणूस हवा होता. असा माणूस गावात एकच होता, आणि त्याने ते तिला स्वतःच जाऊन सांगितलं.

काम सोपं होतं. विमलबाईंनी पहिल्याच दिवशी ते समजावून दिलं. हे काळे थर कधीकाळी वितळून वाहत आले. ते निवताना त्यांच्यातल्या लोखंडाच्या बारीक कणांनी तेव्हाची उत्तर धरली आणि दगड थिजला तशी ती आतच राहिली. आता दगड कड्यात बसला आहे तसाच त्याच्या पाठीवर कंपास ठेवायचा, आजच्या उत्तरेकडे बाण काढायचा आणि मग पहार घालून तो सुटा करायचा. पुढे मुंबईत यंत्रावर त्याची जुनी उत्तर या बाणाशी ताडून बघता येते.

"बाण पुसला की दगड मुका झाला, जानरावभाऊ," विमलबाई म्हणाल्या. "मग त्याला काही विचारता येत नाही."

"अजी, माह्या हातचा बान हाय तो," जानराव म्हणाले.

बाण तैलरंगाने काढत. पण शेवटच्या काही दगडांच्या वेळी डब्यातला रंग संपला. नवा डबा मेहकरहून यायचा होता. तोवर जानरावांनी घरून गेरू कालवून आणला. तुळशीच्या ओट्याला लावून उरलेला होता. विमलबाईंनी जरा नाक मुरडलं, पण दोन दिवसांचा तर प्रश्न, असं म्हणून हो म्हणाल्या. डाकबंगल्याचा खानसामा दगडांची रास आत येऊ देत नसे, म्हणून सगळे दगड जानरावांच्या ओसरीवर मांडलेले असत. दसऱ्यासाठी विमलबाई मलकापूरला आजोळी गेल्या.

आणि खंडेनवमी आली. त्या दिवशी घरातली हत्यारं, अवजारं घासूनपुसून पुजायची. मनकर्णाबाईने विळे घासले, कुऱ्हाड, वखराची लोखंडी पास, पहार घासली. कंपासाची डबी चिंचेने लखलखीत केली. मग तिची नजर ओसरीवरच्या दगडांवर गेली. धनी महिनाभर ज्या दगडांसाठी राबतो आहे, ते काय अवजारांपेक्षा कमी? त्यांना तसंच धुळीत ठेवणं तिच्या जिवाला बरं वाटेना. तिने घागर आणली, नारळाच्या शेंडीने एकेक दगड आंघोळ घातल्यासारखा घासला, हळदीकुंकू लावलं, झेंडूचं फूल ठेवलं आणि उदबत्ती ओवाळली.

जानराव आपट्याची पानं घेऊन आले तेव्हा ओसरीवरून तांबूस पाणी वाहत होतं. तैलरंगाचे बाण जागच्या जागी होते. गेरूचे सगळे गेले होते.  त्यांनी बायकोवर ओरडायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं, कारण ओरडायचं कशावरून? तिने पूजा केली होती. पूजेला चूक म्हणावं तर पाप आणि न म्हणावं तर विमलबाईंचे दगड मुके. असा पेच त्यांना आसामच्या जंगलातही कधी पडला नव्हता.

मग त्यांनी स्वतःची समजूत घातली. दगड आपण काढले आहेत. कोणाची कोणती कड ओढ्याकडे होती, कोणावर कुठे शेवाळ होतं, ते आपल्याला आठवतंच. रंगाचा डबा आला होता. त्यांनी दगड एकेक करून उचलले, डोळे मिटून कडा आठवला आणि बाण काढले. एक दगड गुळाच्या ढेपेसारखा गोल होता, त्याला ना धड कड होती ना शेवाळ. त्याच्याशी ते बराच वेळ बसले. अखेर एक बाजू मनाने घेतली आणि तिकडे बाण ओढला. विमलबाई परत आल्या, नव्या रंगातले बाण पाहून म्हणाल्या, "बरं झालं, पक्के करून ठेवलेत." जानराव म्हणाले, "हाव." दगड पेट्यांत भरले गेले आणि मुंबईला गेले.

थंडी संपत आली होती तेव्हा विमलबाई पुन्हा आल्या, आणि आल्या त्या थेट जानरावांच्या ओसरीवर. इतक्या आनंदात होत्या की मनकर्णाबाईने चहा ठेवायच्या आधीच त्यांनी बोलायला सुरुवात केली. दगड उलटे निघाले होते. त्यांच्यातली उत्तर आजच्या दक्षिणेकडे होती.

"उलटे म्हंजे?" जानराव म्हणाले. त्यांचा हात आपोआप खिशातल्या डबीवर गेला.

"म्हणजे हे दगड थिजले तेव्हा तुमचा काटा दक्षिण दाखवत असता. तुमच्या सायकलच्या दिव्याला डायनामो आहे ना?"

"हाय. त्याच्यात चुंबक फिरते, वीज होते."

"बरोबर. पण पृथ्वीच्या पोटात असा तयार चुंबक नाही. तिथे इतकं तापलेलं आहे की चुंबकाचं चुंबकपण टिकतच नाही."

 वीस वर्षं जानराव लोकांना सांगत आले होते की जमिनीत खोल एक थोरला चुंबक आडवा पडला आहे. "मंग माह्या काट्याले वढते कोन?" त्यांनी विचारलं.

विमलबाईंनी चुलीकडे बोट केलं. तिथे वरण रटरटत होतं. खालचं तापून वर येतं, वरचं निवून खाली जातं. पृथ्वीच्या पोटात वितळलेलं लोखंड असंच वरखाली होत असतं, आणि पृथ्वी गरगरते म्हणून त्या प्रवाहांना पीळ पडतो. थोडंसं चुंबकपण असेल आणि त्यातून लोखंड असं वाहिलं, तर वीज निर्माण होते. वीज वाहिली की चुंबकपण येतं. ते पुन्हा वाहत्या लोखंडात वीज जागवतं. असं एकमेकांना जगवत ते चालू राहतं. सूर्यात लोखंडाचा रस नाही, तापलेला वायू आहे, पण तऱ्हा हीच. तो तर दर अकरा वर्षांच्या आसपास उलटतो. तारे तसेच. आकाशगंगेत ताऱ्यांच्या मधे जो विरळ वायू पसरला आहे, त्यातही अगदी क्षीण असं चुंबकपण आहे आणि तेही बहुधा गरगरण्यानेच टिकतं. शुक्र मात्र फार सावकाश फिरतो. परवा त्याच्याजवळून यान गेलं, त्याला तिथे चुंबकपण सापडलं नाही.

"थांबा, बाई," जानराव म्हणाले.  "विजेले चुंबक पाह्यजे. चुंबकाले वीज पाह्यजे. मंग पयलं कोन आलं?"

"विरजनाचं बी तसंच हाय," मनकर्णाबाई आतून म्हणाली. "दुधाले विरजन कालच्या दह्याचं. कालच्याले परवाच्याचं. पयलं विरजन कोनी देल्लं?"

विमलबाई खळखळून हसल्या. "अगदी हेच. त्यावर मोठमोठे लोक अजून भांडताहेत, मावशी. आणि एवढं सगळं मधेच उलटतं का, तेही कोणाला नीट माहीत नाही."

मोठमोठ्या लोकांना माहीत नाही हे ऐकून जानरावांना बरं वाटायला हवं होतं. पण त्यांना पायाखालची ओसरी हलल्यासारखी वाटली. एक तर खाली चुंबक नाही. त्यातून जे आहे ते रटरटतं. आणि वर ते उलटतं! मग आपण इतकी वर्षं हात लांब करून लोकांना दाखवलं ते काय होतं?

विमलबाईंनी पिशवीतून फोटो काढले. "आता खरी गंमत. खालच्या थरातले दगड उलटे, वरच्या थरातलेही उलटे. आणि बरोबर मधे हा एकच सुलटा. म्हणजे त्या काळात पृथ्वीने मधेच एकदा कूस बदलली आणि परत फिरली. असं इथे कोणीच दाखवलेलं नाही. पुढच्या महिन्यात मुंबईत मोठ्या प्राध्यापकांसमोर मी हे वाचणार आहे. जानरावभाऊ, हा दगड माझा हिरा आहे."

फोटोत गुळाच्या ढेपेसारखा गोल दगड होता आणि त्याच्या पाठीवर जानरावांनी मनाने काढलेला बाण.

त्यानंतर दोन दिवस जानरावांच्या डोक्याचा नुसता भुगा झाला. ढेपेचा बाण चुकला असेल आणि बाकीचे बरोबर असतील. किंवा ढेपेचाच बरोबर असेल आणि आठवून काढलेले बाकीचे चुकले असतील. किंवा आपण कुठेच चुकलो नसू आणि खरंच पृथ्वीने कूस बदलली असेल. ती बदलते म्हणे. मग आपल्याला काय म्हणून एवढा घोर? ते वावरात गेले आणि काही न करता परत आले. जेवताना भाकरी ताटात कोणत्या बाजूला होती तेही त्यांना सांगता आलं नसतं. एक मात्र त्यांना लख्ख कळत होतं. आपण बोललो नाही तर ही पोर मुंबईत भल्या भल्या लोकांसमोर उभी राहून आपल्या हाताची चूक पृथ्वीच्या नावावर सांगेल. आणि बोललो तर गावात जानराव कंपासवाला उरणार नाही.

त्यातच किसनरावांच्या घराची चौकट उभी करायचं निघालं. किसनराव गावातले मोठे कास्तकार, घरही तसंच मोठं. माणसं जमली, मागे सरकली. जानरावांनी डबी ठेवली, काटा डुलला, थांबला. सगळे त्यांच्या हाताकडे बघत होते. हात काही वर होईना.

"काय झालं, जानराव? काटा बसला ना?" किसनराव म्हणाले.

"बसला," जानराव म्हणाले. "पन मले आज सांगता येत नाई. उद्या पाहू."

लोक चकित झाले. जानरावांनी डबी उचलली आणि ते तडक डाकबंगल्यावर गेले. विमलबाई व्हरांड्यात लिहीत बसल्या होत्या. जानरावांनी पटका काढून हातात घेतला आणि उभ्याउभ्याच सांगून टाकलं. खंडेनवमी, घागर, नारळाची शेंडी, तांबूस पाणी, सगळं.

"कोणते दगड?" विमलबाईंनी विचारलं.

"गेरूचे जेवढे होते तेवढे."

"आणि हा?" विमलबाईंनी गोल दगडाचा फोटो पुढे केला.

"त्याची मले तवाच खात्री नवती, बाई."

विमलबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी लेखणीचं टोपण लावलं. मग म्हणाल्या, "तेव्हाच सांगितलं असतं तर काय झालं असतं? दगड परत खोबणीत बसवून बघायचे, दगडामागे पंधरा मिनिटांचं काम होतं. कडा तिथेच होता, मी इथेच होते." त्या उठून उभ्या राहिल्या. "तुम्ही जा आता, जानरावभाऊ. मला तुमच्याशी बोलायचं नाही."

घरी आल्यावर मनकर्णाबाईला कळलं तेव्हा ती रडायला लागली. "म्या धुतले ना ते? मले काऊन नाई सांगतलं तुमी? देवाचं करायले गेली न त्या पोरीचं नुसकान करून बसली." जानरावांना तिचीही समजूत घालता येईना. चूक तिची म्हणावी तर नव्हती आणि आपली म्हणावी तर सुरुवात पूजेने झाली होती. दोघं नवराबायको ओसरीवर नुसती बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी विमलबाई दारात आल्या. त्यांनी पहार मागितली, दुसरं काही बोलल्या नाहीत. तिघं ओढ्यावर गेली. ढेप काढल्याची खोबण कड्यात तशीच होती. तिच्याच कडेचा तुकडा काढायचं ठरलं. या वेळी बाण विमलबाईंनी स्वतः काढला आणि वर छिन्नीने खोलही केला. त्यांच्याकडे काचेची एक पेटी होती, तिच्यात रेशमी धाग्याला बारीक सुई टांगलेली. दगड सुटा करून त्यांनी तो पेटीजवळ आणला, हळूहळू फिरवला, मागे नेला, पुन्हा आणला. जानराव पुढे वाकून बघत होते, पण आपल्याला नक्की काय व्हायला हवं आहे ते त्यांना समजत नव्हतं. सुई वळली.

"उलटाच आहे," विमलबाई म्हणाल्या. "इतरांसारखाच."

त्या खाली एका खडकावर बसल्या. पृथ्वीने मधे कूस बदललीच नव्हती. जानरावांनी बाण चुकीच्या बाजूला ओढला होता, एवढंच घडलं होतं. मनकर्णाबाईने विमलबाईंपुढे पाण्याचा तांब्या धरला. त्यांनी तो घेतला, पण प्यायल्या नाहीत.

"माझा अर्धा निबंध त्या एका दगडावर उभा होता," त्या म्हणाल्या.

पुढचे काही दिवस गेरूच्या सगळ्या जागा पुन्हा खोदल्या. एक सोडून जानरावांचे सगळे बाण बरोबर होते. विमलबाईंनी ते त्यांना सांगितलं, कोरडेपणानेच सांगितलं. जानरावांना त्यात काही आनंद वाटला नाही. बरोबर निघालेले बाणही आता त्यांना आपले वाटत नव्हते.

किसनरावांना त्यांनी स्वतः जाऊन सांगितलं, चार माणसांत. मी चुकलो, पोरीला खोटी दिशा दिली, चौकटीचं तुम्ही बघा. किसनराव भला माणूस, पण घर काही रोज बांधत नाही कोणी. त्यांनी मेहकरहून एक जोशी बोलावला. चौकट उभी राहिली त्या दिवशी जानराव गेले नसते तर कोणी बोट ठेवलं नसतं. पण ते गेले, आणि गवंड्याने ओळंब्याची दोरी धरायला सांगितली तेव्हा ती धरून उभे राहिले. चहाचा पहिला कप जोशीबुवांना मिळाला.

विमलबाई निघाल्या तेव्हा जानराव त्यांच्या पेट्या घेऊन एस.टी.च्या थांब्यावर आले. पेट्या टपावर चढल्या. विमलबाई खिडकीशी बसल्या. इतके दिवस त्या कामापुरतंच बोलल्या होत्या.

"एक विचारू, जानरावभाऊ?" त्या म्हणाल्या. "तुम्ही बोलला नसता तर मला कधीच कळलं नसतं. मुंबईतही कोणाला कळलं नसतं. मग का सांगितलंत?"

 कंडक्टरने घंटी दिली तरी खिडकीखाली उभ्या जानरावांना उत्तर सापडेना. गाडी हलली तसे ते तिच्याबरोबर चार पावलं चालले.

"तुमी त्याले हिरा म्हनल्या, बाई," ते म्हणाले. "माही चूक होती ती. तिले कोनी हिरा म्हनलेलं मले पाह्यवलं नाई."

विमलबाईंनी खिडकीच्या गजातून हात बाहेर काढून त्यांचा हात धरला, आणि गाडीने वेग घेतला तेव्हाच सोडला.